रिझोल्यूशन पुन्हा पुन्हा १०२४ बाय ७६८ वर येतंय? लिनक्स वर्कस्टेशनवर टर्मिनलमधून काय, कोणत्या क्रमाने तपासायचं

वागळे इस्टेटमधली मोल्ड डिझाइनची ऑफिसं, घोडबंदर रोडवरचे आर्किटेक्ट आणि रबाळे-महापे पट्ट्यातल्या लहान इंजिनिअरिंग कंपन्या, अशा ठिकाणच्या वर्कस्टेशनची देखभाल मी करतो. बहुतेक ठिकाणी एनव्हिडियाचं क्वाड्रो किंवा आरटीएक्स ए मालिकेतलं कार्ड असतं आणि त्यावर उबंटू किंवा रॉकी लिनक्स. या सगळ्यांकडून एक फोन ठरलेला असतो: "दादा, स्क्रीन परत मोठी झाली."

रिझोल्यूशन बदलायची कमांड एका ओळीची आहे आणि ती कुठेही सापडते. पण हवं ते रिझोल्यूशन यादीतच नसेल, तर दहातल्या आठ वेळा समोर कोणता मॉनिटर आहे हे कार्डाला कळलेलं नसतं. ते न बघता मोड (रिझोल्यूशन आणि रिफ्रेश दराची जोडी) जबरदस्तीने बसवला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तोच फोन पुन्हा येतो. म्हणून इथे कमांड उशिरा येते आणि केबल आधी.

लक्षणं

सगळं मोठं आणि धुरकट दिसतं, सेटिंगमध्ये १०२४ बाय ७६८, ८०० बाय ६०० असे दोन-तीनच पर्याय उरतात. हे अचानक, विशेषतः वीज जाऊन आल्यावर किंवा मॉनिटर बदलल्यावर झालं असेल, तर केबल आणि ओळखीचा भाग बघा.

अपडेटनंतरच्या पहिल्याच रीबूटला असं झालं आणि टर्मिनलमध्ये "फेल्ड टू गेट साइज ऑफ गॅमा फॉर आउटपुट डिफॉल्ट" असा संदेश आला, तर ड्रायव्हर लोड झालेला नाही. केबलकडे वेळ घालवू नका, थेट ड्रायव्हरच्या भागावर जा.

जेवणाच्या सुट्टीनंतर मॉनिटर जागा केला की सगळ्या खिडक्या एकाच स्क्रीनवर गोळा झालेल्या असतात. हा मॉनिटरच्या मेन्यूतला प्रश्न आहे.

फोरके मॉनिटर ३० हर्ट्झवर अडकतो, माउस ओढल्यासारखा चालतो. इथे ॲडॉप्टरवर संशय घ्या.

कमांड चालते, चित्र नीट दिसतं, पण लॉगआउट केलं की सगळं पूर्ववत होतं. हे सर्वात सोपं, शेवटी सांगितलं आहे.

टाइप करण्याविषयी: कमांड मी फोनवर सांगतो तशाच उच्चाराने लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या छोट्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाकायच्या. जिथे मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे. मुख्य कमांड आहे एक्सरँडर: एक्स, आर, ए, एन, डी, आर ही सहा अक्षरं सलग.

१. आधी खुर्चीवरून उठा

संगणकाच्या मागे जाऊन मॉनिटरची केबल कुठे लागली आहे ते बघा. साफसफाईनंतर किंवा टेबल हलवल्यावर ती मदरबोर्डच्या पोर्टात लागलेली मला अनेकदा सापडते. ग्राफिक्स कार्डचे पोर्ट खालच्या बाजूला आडव्या पट्टीत असतात. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर मदरबोर्डवरूनही चित्र येतं, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. मग कार्डासाठी दिलेली कुठलीही कमांड त्या मॉनिटरपर्यंत पोहोचत नाही.

मग संगणक बंद करा, मॉनिटरचा प्लग भिंतीतून काढा, मिनिटभर थांबा. आधी मॉनिटर लावा, तो पूर्ण जागा झाला की संगणक सुरू करा. पैसे लागत नाहीत आणि बरेच फोन इथेच संपतात.

हे का चालतं, ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. प्रत्येक मॉनिटरमध्ये किमान १२८ बाइटची एक नोंद साठवलेली असते, तिला ईडीआयडी म्हणतात. कंपनी, मॉडेल, चालणारी रिझोल्यूशन्स आणि सर्वात पसंतीचं रिझोल्यूशन, सगळं तिच्यात असतं. मॉनिटरचं आधार कार्डच म्हणा. ग्राफिक्स कार्ड ते सुरू होताना किंवा केबल जोडली जाताना मागतं. त्या क्षणी उत्तर आलं नाही, तर ड्रायव्हर कुठल्याही मॉनिटरला झेपेल असं काहीतरी धरून चालतो, म्हणजे १०२४ बाय ७६८ किंवा त्याहून कमी.

आपल्याकडच्या ऑफिसांत याचं एक खास कारण आहे. संगणक यूपीएसवर असतो आणि मॉनिटर थेट भिंतीवर. वीज दोन मिनिटं गेली की संगणक चालू राहतो, मॉनिटर मरतो आणि जोडणी तुटते. वीज आल्यावर नवी जोडणी नीट होईलच याची खात्री नाही. दोन्ही एकाच यूपीएसवर घ्या. आजचा एलईडी मॉनिटर फार वीज खात नाही, साध्या यूपीएसलाही तो झेपतो.

२. केबल, ॲडॉप्टर आणि मध्ये बसलेली डबी

क्वाड्रो पी६२० किंवा आरटीएक्स ए२००० सारख्या कार्डांवर चार मिनी डिस्प्लेपोर्ट असतात. मॉनिटरला एचडीएमआय असेल तर मध्ये ॲडॉप्टर येतोच, आणि बहुतेक बिघाड त्याच्यातच असतो. कार्डाच्या खोक्यात आलेला ॲडॉप्टर असेल तर तो वापरून बघा. तो कुठल्याशा ड्रॉवरमध्ये पडलेला असतो.

ॲडॉप्टर दोन जातींचे: पॅसिव्ह, म्हणजे सिग्नल तसाच पुढे देणारे, आणि ॲक्टिव्ह, म्हणजे आतल्या चिपने सिग्नल बदलून देणारे. पॅसिव्हमधले जुने १६५ मेगाहर्ट्झ पिक्सेल क्लॉकपर्यंतच (पडद्याचे ठिपके पाठवण्याचा वेग) जातात, नंतरचे ३०० पर्यंत. फोरके ३० हर्ट्झला २९७ मेगाहर्ट्झ लागतात आणि ६० हर्ट्झला ५९४. म्हणजे ३०० च्या ॲडॉप्टरवर फोरके ३० च्या पुढे जाणार नाही, कितीही कमांड द्या. त्याला ॲक्टिव्ह ॲडॉप्टर किंवा सरळ डिस्प्लेपोर्ट केबल हवी.

केव्हीएम स्विच (एकाच मॉनिटर-कीबोर्डवर दोन संगणक चालवणारी डबी) किंवा स्प्लिटर असेल तर तो काढून मॉनिटर थेट जोडून बघा. स्वस्त केव्हीएम दुसऱ्या संगणकाकडे वळला की पहिल्या संगणकाला ईडीआयडी देणं बंद करतो. थेट जोडल्यावर ठीक झालं तर दोष सापडला. स्विच लागणारच असेल तर ईडीआयडी इम्युलेटर नावाची छोटी डबी मध्ये बसवा, ती मॉनिटरऐवजी सतत उत्तर देत राहते.

कॉन्फरन्स रूमचा जुना प्रोजेक्टर व्हीजीएवर असेल तर केबलच्या टोकाकडे बघा. ईडीआयडी १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून येतो. स्वस्त केबलमध्ये त्या तारा नसतातच, किंवा पिन वाकलेली असते. चित्र मात्र येतं, कारण रंगाच्या तारा वेगळ्या असतात. म्हणून "चित्र येतंय म्हणजे केबल चांगली" हे धरून चालू नका.

डिस्प्लेपोर्टच्या काही हलक्या केबलमध्ये २० वी पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते. ती तशी असायला नको. त्यातून मॉनिटरची वीज उलट कार्डात शिरते आणि संगणक सुरू होताना अडखळतो. मॉनिटर जोडला की संगणक चालू होत नाही आणि काढला की होतो, असं दिसलं तर केबल फेकून द्या. नवी चांगली केबल काही शे रुपयांत येते. कार्डाच्या पुढे ही किंमत काहीच नाही.

खाडीजवळच्या ऑफिसात, विशेषतः जिथे एसी रात्री बंद असतो, पावसाळ्यात कनेक्टरवर हिरवट थर दिसतो. संगणक बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने टोक पुसा, पूर्ण वाळू द्या आणि मगच लावा. पाणी, थिनर किंवा सँडपेपर अजिबात नको.

३. मॉनिटरचा मेन्यू

दोन गोष्टी बघा. डिस्प्लेपोर्टची आवृत्ती १.१ वर ठेवलेली असेल तर १.२ करा, नाहीतर फोरके ३० हर्ट्झच्या वर जात नाही. आणि डीप स्लीप चालू असेल तर बंद करा. डीप स्लीपमध्ये काही मॉनिटर जोडणी तोडतात, लिनक्सला वाटतं केबल काढली, आणि खिडक्या गोळा होतात.

४. आता टर्मिनल: आधी सेशन कोणतं ते विचारा

एको $एक्सडीजी_सेशन_टाइप

(डॉलरनंतरची सगळी अक्षरं मोठी.) एक्स११ (त्याचा सर्व्हर म्हणजे झॉर्ग) आणि वेलँड या स्क्रीनवर चित्र मांडणाऱ्या दोन व्यवस्था. उत्तर एक्स११ आलं तर पुढे चला. वेलँड आलं तर थांबा. वेलँडमध्ये एक्सरँडर यादी दाखवतो खरा, पण खरं रिझोल्यूशन बदलण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. यादीत कधी पोर्टाच्या नावाऐवजी एक्सवेलँड० असं काही दिसतं ती हीच खूण. लोक इथे तासन्‌तास घालवतात.

वेलँडवर केडीई डेस्कटॉप असेल तर केस्क्रीन-डॉक्टर वापरा. नोम डेस्कटॉप ४८ किंवा पुढचा असेल तर जीडीसीटीएल आहे. एक्स११ चाच हट्ट असेल तर लॉगिन स्क्रीनवरच्या दातेरी चाकातून "उबंटू ऑन झॉर्ग" निवडा. मात्र उबंटू २५.१० पासून नोमचं ते सेशन काढून टाकलं आहे.

५. कार्डाने काय ऐकलं ते बघा

नुसतं एक्सरँडर टाका. प्रत्येक पोर्टाचं नाव, जोडलेला की नाही, आणि त्याखाली रिझोल्यूशनची यादी येते. तारा (*) असलेला आकडा सध्याचा, अधिकचं चिन्ह (+) असलेला मॉनिटरच्या पसंतीचा. अधिकचं चिन्हच कुठे नसेल, तर ईडीआयडी पोहोचलेला नाही.

एनव्हिडियाच्या ड्रायव्हरवर चार पोर्ट असताना आठ नावं दिसतात, डीपी-० ते डीपी-७. घाबरू नका. एकाच भौतिक पोर्टाला ॲडॉप्टरमार्गे एक नाव आणि थेट डिस्प्लेपोर्टसाठी दुसरं, अशी जोडी असते. पॅसिव्ह ॲडॉप्टर काढून थेट केबल लावली की नाव बदलतं आणि जुन्या नावाने लिहिलेली स्क्रिप्ट चालत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

मग एक्सरँडर --प्रॉप टाका. पोर्टाखाली ईडीआयडीचा मजकूर दिसला पाहिजे: ओळीत ३२ अक्षरं, अशा किमान ८ ओळी, आणि सुरुवात ००एफएफएफएफएफएफएफएफएफएफएफएफ०० अशी. मजकूरच नसेल किंवा सुरुवात वेगळी असेल तर केबलचा भाग पुन्हा करा. हे ऐकायला कंटाळवाणं वाटतं, पण ईडीआयडी येत नसताना पुढच्या पायऱ्या चढणं म्हणजे दोष झाकणं.

६. ड्रायव्हर

यादीत एकच आउटपुट आणि त्याचं नाव डिफॉल्ट किंवा नन-१ असेल, तर कार्डाचा ड्रायव्हर लोडच नाही. एलएसपीसीआय -के टाका आणि व्हीजीए किंवा थ्रीडी कंट्रोलरच्या ओळीखाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" बघा. तिथे एनव्हिडिया हवं. नूवो (लिनक्ससोबत येणारा मोफत ड्रायव्हर) दिसलं किंवा ती ओळच नसेल तर एनव्हिडिया-एसएमआय चालवा. ड्रायव्हरशी बोलता येत नाही असं उत्तर आलं की निदान पक्कं.

सर्वात स्वस्त चाचणी: रीबूट करून ग्रबच्या (संगणक सुरू होताना दिसणाऱ्या) मेन्यूत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा आणि आधीचा कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडा. जुन्या कर्नलवर सगळं ठीक दिसलं, तर नव्या कर्नलसाठी मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग) बांधलं गेलेलं नाही. डीकेएमएस स्टेटसने ते दिसेल. रॉकीवर बहुधा त्या कर्नलचं कर्नल-डेव्हल पॅकेज राहिलेलं असतं. तोपर्यंत जुन्या कर्नलवर काम चालू ठेवता येतं. डिलिव्हरीच्या दिवशी ड्रायव्हर उकरत बसू नका.

मॉड्यूल बांधलेलं आहे तरी लोड होत नाही? मग मोकयुटिल --एसबी-स्टेट टाका. सिक्युअर बूट चालू असेल आणि मॉड्यूलची सही नोंदवलेली नसेल तर कर्नल ते नाकारतो. ऑफिसचा आयटी विभाग असेल तर सिक्युअर बूट स्वतः बंद करू नका, त्यांना विचारा.

७. प्रत्यक्ष बदल, परतीची वाट ठेवून

यादीत असलेलं रिझोल्यूशन:

एक्सरँडर --आउटपुट डीपी-१ --मोड १९२०एक्स१०८० --रेट ६०

पोर्टाचं नाव यादीत दिसतं तसंच, मोठ्या अक्षरांत.

यादीत नसेल आणि ईडीआयडी मिळणारच नाही अशी परिस्थिती असेल, जुना प्रोजेक्टर किंवा लांब व्हीजीए केबल, तरच नवा मोड बनवा. सीव्हीटी -आर १९२० १०८० ६० टाका. उत्तरात मोडलाइन या शब्दापुढे ही ओळ येईल (नावाच्या शेवटचा आर मोठा):

"१९२०एक्स१०८०आर" १३८.५० १९२० १९६८ २००० २०८० १०८० १०८३ १०८८ ११११ +एचसिंक -व्हीसिंक

पहिला आकडा पिक्सेल क्लॉक, मेगाहर्ट्झमध्ये. पडद्याभोवतीची न दिसणारी जागा धरून रुंदी २०८० आणि उंची ११११. त्यांचा गुणाकार सेकंदाला जवळपास ६० वेळा केला की तेवढेच येतात. -आर (ही न दिसणारी जागा कमी ठेवणारा पर्याय) न लावता हाच मोड १७३ मेगाहर्ट्झ मागतो. आता वरचा १६५ चा ॲडॉप्टर आठवा: १७३ त्यातून जात नाही, १३८.५० आरामात जातो. "कमांड बरोबर आहे पण स्क्रीन काळी" या तक्रारीचं उत्तर बरेचदा या एका अक्षरात असतं. व्हीजीएच्या जुन्या काचेच्या ट्यूबवाल्या मॉनिटरवर मात्र -आर लावू नका, आणि त्याच्या क्षमतेबाहेरचा मोड तर कधीच देऊ नका. त्यात बिघाड होऊ शकतो.

मग एक्सरँडर --न्यूमोड आणि पुढे ती पूर्ण ओळ, त्यानंतर एक्सरँडर --ॲडमोड डीपी-१ "१९२०एक्स१०८०आर". आणि लावताना नेहमी असं:

एक्सरँडर --आउटपुट डीपी-१ --मोड १९२०एक्स१०८०आर ; स्लीप १५ ; एक्सरँडर --आउटपुट डीपी-१ --मोड १०२४एक्स७६८

चित्र नीट आलं तर पंधरा सेकंदांच्या आत कंट्रोल-सी दाबा, नवा मोड राहील. स्क्रीन काळी झाली तर हात लावू नका, आपोआप मागे येईल. ही सवय ज्याने लावली त्याला काळ्या स्क्रीनसमोर रीसेटचं बटण शोधावं लागत नाही, न सेव्ह केलेलं डिझाइनही जात नाही.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर बाहेरून आलेला मोड बरेचदा "बॅडमॅच" म्हणून नाकारतो, कारण तो प्रत्येक मोड ईडीआयडीशी ताडून बघतो. तिथे त्याची स्वतःची कमांड वापरा:

एनव्हिडिया-सेटिंग्ज --असाइन करंटमेटामोड="डीपी-१: १९२०एक्स१०८० +०+०"

(करंटमेटामोडमधल्या तिन्ही शब्दांचं पहिलं अक्षर मोठं.) दोन मॉनिटर असतील तर दोन्हींची नावं स्वल्पविराम देऊन लिहा. जो लिहिला नाही तो बंद होतो. अगदी नवा मोडच बसवायचा असेल तर झॉर्गच्या कॉन्फिग फाइलमध्ये मोडलाइन आणि मोडव्हॅलिडेशनखाली अलाऊनॉनएडिडमोड्स लिहावं लागतं. त्या फाइलची प्रत आधी काढून ठेवा.

८. बदल टिकत नाही

एक्सरँडरचा बदल त्या सेशनपुरताच असतो, हे दोष नाही. घरच्या फोल्डरमधल्या .एक्सप्रोफाइल या फाइलमध्ये त्याच ओळी लिहिल्या की लॉगिनला चालतात. तरीही उलटत असेल तर .कॉन्फिग फोल्डरमधली मॉनिटर्स.एक्सएमएल बघा. नोम मॉनिटरची जुनी मांडणी तिच्यात ठेवतं आणि केबल हलली की तीच परत लावतं. फाइलचं नाव बदला, लॉगआउट करून परत या, सेटिंगमधून एकदा नीट मांडणी करा.

चांगला चालणारा मॉनिटर असेल, पण मधल्या उपकरणामुळे ईडीआयडी येत नसेल, तर शेवटचा उपाय: मॉनिटर थेट जोडून एनव्हिडिया-सेटिंग्जमधून ईडीआयडी फाइलमध्ये साठवा आणि कॉन्फिगमध्ये कस्टमईडीआयडीखाली तिचा पत्ता द्या. मॉनिटर बदलला की ही ओळ काढायची, हे त्या मॉनिटरच्या मागेच चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

दुसरी केबल, दुसरा मॉनिटर लावूनही एकच पोर्ट दगा देत असेल आणि शेजारचा नीट चालत असेल, तर पोर्ट गेलं आहे. शेजारच्या पोर्टावर काम चालू ठेवा आणि वॉरंटी तपासा. पिन स्वतः सरळ करायला जाऊ नका, मिनी डिस्प्लेपोर्टचा सॉकेट बोर्डावरून उखडतो.

बायोसच्या स्क्रीनवरही रेघा किंवा रंगीत चौकोन दिसत असतील तर लिनक्सचा संबंध नाही. डीमेसेज (डी, एम, ई, एस, जी; कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) मध्ये एक्सआयडी ७९, म्हणजे कार्ड बसवरून तुटल्याची नोंद दिसली, तर वीजपुरवठा, उष्णता किंवा कार्ड यांपैकी काहीतरी आहे. रिझोल्यूशनच्या कमांड तिथेच थांबवा.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात, किंवा केबल लावताना ठिणगी दिसते? सगळं बंद करा आणि आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. जुन्या गाळ्यांत हे आढळतं, आणि अशा ठिकाणी केबल लावता लावता कार्डाचं पोर्ट जळतं. मॉनिटर उघडणं तर कुणीही करू नये, आत बंद झाल्यावरही भार राहतो.

मशीन भाड्याचं किंवा वार्षिक करारातलं असेल तर सील तोडू नका.

बोलावण्याआधी चार गोष्टी फोनमध्ये तयार ठेवा: एक्सरँडर --प्रॉपचं पूर्ण उत्तर, एलएसपीसीआय -केमधला कार्डाचा भाग, युनेम -आरने येणारा कर्नलचा क्रमांक, आणि केबलच्या दोन्ही टोकांचा व ॲडॉप्टरचा फोटो. झॉर्गची लॉग फाइलही सोबत द्या: ती /व्हार/लॉग मध्ये किंवा घरच्या फोल्डरमध्ये .लोकल/शेअर/झॉर्ग खाली झॉर्ग.०.लॉग नावाने असते (फाइलच्या नावात पहिलं अक्षर मोठं). एवढं आधी मिळालं तर येणारा माणूस योग्य केबल किंवा ॲडॉप्टर सोबत घेऊनच निघतो.